तो जास, तो जाई ऱ्हायना : सहावी ते आठवीच्या मुलांसाठी इंग्रजीची उजळणी

रावेरकडच्या एका मुलाने वहीत लिहिलं होतं, "माय फादर बनाना सेल." माझे वडील केळी विकतात. वाक्यावर लाल शाईची काट होती, शेजारी बरोबर वाक्य लिहून दिलेलं होतं. चूक का झाली, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे पुढच्या पानावर त्याने पुन्हा तेच केलं होतं, "माय मदर भाकरी मेक."

सुट्टीत गल्लीतली आणि नात्यातली मुलं माझ्याकडे उजळणीला येतात, त्यातला हा एक. दोन्ही वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. मुलगा गोंधळलेला नव्हता. तो एक नियम अगदी काटेकोरपणे पाळत होता, फक्त तो नियम मराठीचा होता. आपल्याकडे आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद. वडील, केळी, विकतात. आई, भाकरी, करते. त्याने शब्द बदलले आणि क्रम घरचाच ठेवला.

आपल्या मुलांच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका अशाच असतात. म्हणून ही उजळणी इंग्रजीच्या पुस्तकातून सुरू न करता आपल्या बोलण्यातून सुरू करू या. खान्देशातल्या मुलाच्या तोंडी मराठी असते, अहिराणी असते. सातपुड्यातलं मूल घरी भिली किंवा पावरी बोलतं, बाजारात अहिराणी ऐकतं, शाळेत मराठी वाचतं आणि त्यानंतर इंग्रजीला हात घालतं. इतक्या भाषांचे नियम ज्याच्या डोक्यात न शिकवता बसलेत, त्याला व्याकरण जमत नाही असं कुणी म्हणू नये.

शेपूट आणि जागा

"कुत्रा मांजराला चावला." आता शब्द हलवू या: "मांजराला कुत्रा चावला." चावणारा कोण? दोन्हीकडे कुत्राच. कारण मांजराला "ला" लागलेलं आहे. अहिराणीत "मांजरले" म्हणू, तिथे "ले" लागेल. शब्द कुठेही उचलून ठेवा, त्याचं शेपूट त्याच्यासोबत जातं आणि सांगतं की मार खाणारा मी आहे.

इंग्रजीत बघा. "द डॉग बिट द कॅट." शब्द हलवले: "द कॅट बिट द डॉग." गोष्टच उलटली, आता मांजर कुत्र्याला चावलं. "डॉग" आणि "कॅट" यांना कसलंच शेपूट नाही. कोण कर्ता आणि कोण कर्म हे फक्त जागेवरून कळतं. क्रियापदाच्या आधी उभा तो करणारा, नंतर उभा तो सोसणारा.

सगळ्या उजळणीतली हीच एक गोष्ट मुलाच्या मनात पक्की बसावी असं मला वाटतं. मराठी अर्थ शेपटात ठेवते, इंग्रजी अर्थ जागेत ठेवते. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना विभक्तीची शेपटं होती. ती हळूहळू झिजून गेली आणि त्यांचं काम जागेने उचललं. म्हणून तिथे शब्दांचा क्रम मोडून चालत नाही.

झिजताना थोडी शेपटं उरली, ती सर्वनामांत. "ही" म्हणजे तो, "हिम" म्हणजे त्याला. "शी" आणि "हर", "दे" आणि "देम" या जोड्याही तशाच. आणि "आय" म्हणजे मी, पण "मी" म्हणजे मला! मराठी मुलांना हा फार मोठा सापळा आहे. आपला "मी" इंग्रजीत "आय" होतो आणि इंग्रजांचा "मी" आपल्याकडे "मला" होतो. "मी अँड माय ब्रदर वेन्ट टू धुळे" असं जो लिहितो, तो कानाला ओळखीचा वाटणारा शब्द उचलतो. त्याला सांगावं, क्षणभर भावाला बाजूला काढ. उरलं काय? "मी वेन्ट." मला गेलो. मग तो स्वतःच "माय ब्रदर अँड आय" लिहितो.

तर वाक्य बांधायचा क्रम असा: कोण, काय करतो, काय किंवा कुणाला, कुठे, कधी. "माय फादर सेल्स बनानाज इन सावदा एव्हरी मॉर्निंग." पाच प्रश्न त्याच क्रमाने स्वतःला विचारत गेलं की वाक्य आपोआप उभं राहतं.

शब्दाची जात ओळखणंही इंग्रजीत जागेवरूनच करायचं. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद यांच्या व्याख्या मुलांना पाठ असतात, पण "वॉटर" नाम की क्रियापद असं विचारलं की ती चटकन नाम म्हणतात. "द प्लांट्स नीड वॉटर" यात ते नाम आहेच. "वी वॉटर द प्लांट्स" यात तोच शब्द क्रियापद झाला, कारण तो क्रियापदाच्या जागी उभा आहे. म्हणून शब्दाला तू कोण असं न विचारता, तू इथे काय करतोस असं विचारावं.

मराठीत "बाजारात", "टेबलावर", "पाच वाजता" असं मागे जे लागतं, ते इंग्रजीत पुढे येऊन बसतं: "इन द मार्केट", "ऑन द टेबल", "ॲट फाइव्ह". वेळेसाठी मोठ्या भांड्याला "इन", दिवसाला "ऑन", घड्याळाच्या काट्याला "ॲट". जून महिना "इन जून", सोमवार "ऑन मंडे", पाच वाजता "ॲट फाइव्ह". "ॲट नाइट" सारखे काही प्रयोग यात बसत नाहीत, ते वाचता वाचता सवयीने येतात. त्यांची यादी पाठ करायला लावू नये.

जास आणि जाई ऱ्हायना

आता काळ. बारा काळांचा तक्ता भिंतीवर चिकटवून मुलांकडून तो घोकून घेण्याने मी फारसं काही साधलेलं पाहिलं नाही. सहावीच्या मुलाला आधी दोनच गोष्टी नीट कळू द्या, साधा वर्तमान आणि चालू वर्तमान. बाकीचं घर याच पायावर उभं राहतं.

वर्गात कुणालाही विचारा, रोज काय करतोस? उत्तर येतं, "आय ॲम गोइंग टू स्कूल डेली." चूक. का चूक, हे इंग्रजीतून समजावण्यापेक्षा अहिराणीतून समजावणं सोपं आहे. रोजच्या सवयीबद्दल तुम्ही घरी काय म्हणता? "मी रोज शाळामा जास." आणि वाटेत मामा भेटला आणि त्याने विचारलं, "कथा जाई ऱ्हायना?", म्हणजे कुठे चाललास, तर काय सांगता? "शाळामा जाई ऱ्हायनू." तुमच्या गावचा उच्चार थोडा वेगळा असेल, पण फरक तोच राहतो. "रोज शाळामा जाई ऱ्हायनू" असं कोणतंही मूल म्हणत नाही. कानाला ते खटकतं.

मग तोच कान इंग्रजीला लावा. "जास" तिथे "आय गो". "जाई ऱ्हायनू" तिथे "आय ॲम गोइंग". ज्या मुलाला अहिराणी येते, त्याला साधा आणि चालू वर्तमान हा भेद आधीच येतो, फक्त तो येतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. घरची बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवायची असं मुलांना शिकवलं जातं, तेव्हा असं हाताशी असलेलं हत्यारही बाहेरच राहतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

नेहमी खरी असणारी गोष्टही साध्या वर्तमानातच. "द तापी फ्लोज वेस्ट." तापी मुलताईजवळ उगम पावते आणि पश्चिमेला वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, ते आजही खरं आणि उद्याही खरं. पण पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आणि पुलावर उभं राहून कुणी पाणी बघत असेल, तर तो म्हणेल, "द तापी इज फ्लोइंग व्हेरी फास्ट टुडे." नदी तीच आहे. पहिलं वाक्य तिचा स्वभाव सांगतं, दुसरं आत्ताची हालत.

काही क्रियापदं या "ऱ्हायना"च्या रूपात सहसा जात नाहीत. माहीत असणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं. "आय ॲम नोइंग", "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" ही वाक्यं आपण मोठी माणसंही सर्रास बोलतो. "मले दोन भाऊ शेत" यात काही चालू आहे का? भाऊ आहेत, एवढंच. म्हणून "आय हॅव टू ब्रदर्स".

आता त्या "एस"कडे वळू, ज्याच्यावर सगळ्यात जास्त गुण जातात. "माय फादर सेल" हे चूक आणि "माय फादर सेल्स" हे बरोबर. कर्ता एकटा असेल आणि त्याच्या जागी "ही", "शी" किंवा "इट" बसत असेल, तर साध्या वर्तमानात क्रियापदाला "एस" लागतो. वडिलांच्या जागी "ही" बसतं, आईच्या जागी "शी", तापीच्या जागी "इट". पूर्वी इंग्रजीत मी, तू, तो, आम्ही यांच्यासाठी क्रियापदाला वेगवेगळे प्रत्यय होते. बाकीचे गळून गेले, हा एक टिकला. एकटा उरल्यामुळेच तो विसरला जातो.

अहिराणीच्या मुलांसाठी एक छान योगायोग आहे. "तो जास", "ती करस", "तो खास". शेवटी स. इंग्रजीतही "ही गोज", "शी डज", "ही ईट्स", शेवटी स किंवा त्याच्यासारखाच ज. दोन्हींचं काही नातं आहे असं समजू नका, पण लक्षात ठेवायला हे उत्तम आहे. फक्त पुढे दोन ठिकाणी सांभाळा. अहिराणीत "मी जास" मध्येही स आहे आणि "लोके म्हणतस" या अनेकवचनातही आहे. इंग्रजीत तो फक्त त्या एकट्या "तो, ती, ते"साठी राखून ठेवलेला आहे. "आय गो", "पीपल से".

प्रश्न विचारताना "डू" आणि "डज" येतात आणि मुलं लिहितात, "डज युवर फादर सेल्स बनानाज?" इथे मी त्यांना सायकलची गोष्ट सांगते. घरात सायकल एकच आहे. थोरला भाऊ ती घेऊन निघाला की धाकट्याला पायी जावं लागतं. "डज"ने "एस" घेतला, आता "सेल"ला तो मिळणार नाही. "डज युवर फादर सेल बनानाज?" भूतकाळातही तेच. "डिड" भूतकाळ घेऊन पुढे निघून गेला, मागे "गो"च राहणार. "डिड यू गो?" बरोबर, "डिड यू वेन्ट?" चूक. नकारार्थी वाक्यातही सायकल एकच असते: "ही डजन्ट सेल", "ही डिडन्ट गो".

एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, समोर एकच माणूस असला तरी यू आर का? यू इज का नाही?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. तिला विचारलं, "तू आजोबांशी बोलताना काय म्हणतेस? तुम्ही आहात का घरी?" "हो." "आजोबा किती?" ती हसली. इंग्रजीतला "यू" मुळात अनेकवचनी, आपल्या "तुम्ही"सारखा. एकट्यासाठी "दाउ" हा वेगळा शब्द होता. आदराने एकट्यालाही "यू" म्हणता म्हणता "दाउ" रोजच्या बोलण्यातून गेला आणि सगळ्यांना "यू" झालं. क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिलं. म्हणून "यू आर".

भूतकाळातली "गो-वेन्ट", "ईट-एट", "ब्रिंग-ब्रॉट" अशी वाकडी रूपं दोनशेच्या आसपास आहेत. मुलं वैतागतात. त्यांना मराठीकडे बघायला सांगा. बोलणं, बोलला. चालणं, चालला. मग जाणं, "जाला" का नाही? करणं, "करला" का नाही? लहान मुलं तसं म्हणतातही आणि आपण हसून "गेला", "केला" असं सुधारतो. जी क्रियापदं माणूस रोज वापरतो, ती वाकडीच टिकतात, कारण ती प्रत्येक मुलाच्या कानावर लहानपणापासून सतत पडतात. क्वचित लागणारी सरळ होत जातात. इंग्रजीत "हेल्प"चं भूतकाळी रूप एकेकाळी "होल्प" होतं, आता ते "हेल्प्ड" झालं. म्हणून रोजच्या पन्नास क्रियापदांची रूपं आधी करा, बाकीची वाचनात भेटतील.

भूतकाळात एक सूटही मिळते, ती मुलांना आवर्जून सांगावी. मराठीत "सीतेने आंबा खाल्ला", पण "चिंच खाल्ली" आणि "बोरं खाल्ली". क्रियापदाला कर्माकडे बघून रूप बदलावं लागतं. इंग्रजीत "एट" म्हटलं की झालं, कुणीही खाल्लेलं असो, काहीही खाल्लेलं असो. अपवाद फक्त "वॉज" आणि "वेअर"चा.

ॲन एस.टी.

"अ", "ॲन", "द" हे आपल्याकडे नाहीत, म्हणून ते नेमके गळतात. गोष्ट सांगताना आपण कशी सुरुवात करतो? "एका गावात एक शेतकरी होता. त्या शेतकऱ्याला दोन मुलं होती." पहिल्यांदा भेटतो तेव्हा "एक", ओळख झाली की "तो". इंग्रजीत हे कायम करावं लागतं. "अ फार्मर", आणि पुढच्या वाक्यात "द फार्मर". ऐकणाऱ्याला कोणता ते ठाऊक असेल तर "द". सूर्य एकच म्हणून "द सन". नद्यांना "द" लागतो: "द तापी", "द गिरणा". गावांना लागत नाही, नुसतं "जळगाव", नुसतं "नंदुरबार".

"अ" आणि "ॲन" मध्ये मुलं स्पेलिंग बघतात आणि फसतात. नियम आवाजाचा आहे. आवाज पकडायला आपल्याकडे फार चांगलं साधन आहे, देवनागरी. शब्द देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर बघा. स्वराने सुरू झाला तर "ॲन", व्यंजनाने झाला तर "अ". "अवर" म्हणजे तास, सुरुवात अ, म्हणून "ॲन अवर", स्पेलिंगमध्ये एच असला तरी. "युनिव्हर्सिटी", सुरुवात य, म्हणून "अ युनिव्हर्सिटी", स्पेलिंग यू या स्वराने सुरू होत असलं तरी. आणि आपली लाल परी? "एस.टी.", सुरुवात ए. म्हणून "ॲन एस.टी. बस". नुसती बस असेल तर "अ बस". एकच शब्द जपून लिहा. वर्ष या अर्थाचा शब्द आपण "इयर" असा लिहितो, पण त्याचा उच्चार य ने सुरू होतो, म्हणून "अ यिअर". कानाचा "इअर" वेगळा, तो "ॲन इअर".

पोटातले कावळे

व्याकरण झालं की आठवीपर्यंत पुस्तकात "फिगर्स ऑफ स्पीच" येतात आणि मुलांना वाटतं हे काहीतरी नवीन संकट आहे. मराठीच्या तासाला ती उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती शिकलेलीच असतात. सिमिली म्हणजे उपमा. मेटाफर म्हणजे रूपक. ॲलिटरेशन म्हणजे अनुप्रास, हायपरबली म्हणजे अतिशयोक्ती, पर्सनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. दोन तासांतलं हे एकच पीक आहे, पण मराठी आणि इंग्रजीच्या दोन वह्यांमध्ये बांध घातल्यासारखा होतो.

उपमा द्यायला शाळा लागत नाही, हे खान्देशाला वेगळं सांगायला नको. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी लिहा-वाचायला शिकल्या नव्हत्या, तरी संसाराला त्यांनी चुलीवरच्या तव्याची उपमा दिली आणि ती घराघरात पोचली. त्यांच्या त्या ओळीतला "जसा" हाच इंग्रजीतला "लाइक". वाक्यात तो असला की बहुतेक वेळा उपमा.

आता सगळे अलंकार एकाच गोष्टीवर बघू. गोष्ट अशी घेऊ जी आपल्याकडे भरपूर आहे, ऊन. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दुपारी अंगणात पाय ठेवला आणि चटका बसला. "द यार्ड वॉज लाइक अ हॉट तवा." अंगण तव्यासारखं होतं, "लाइक" आला, सिमिली. "ॲज हॉट ॲज अ तवा" म्हटलं तरी सिमिलीच. आता "लाइक" काढून टाका: "द यार्ड वॉज अ हॉट तवा." अंगण तवाच होता. मेटाफर झाला. सिमिली म्हणते अमुक तमुकासारखं आहे, मेटाफर म्हणतो अमुक तेच आहे. पुढे, "द सन स्लॅप्ड अस." सूर्याने आम्हाला चापट मारली. सूर्याला हात नाहीत, आपण दिले, हे पर्सनिफिकेशन. "आय मेल्टेड बिफोर आय रीच्ड स्कूल." शाळेत पोचायच्या आत मी वितळलो. कुणी खरं मानत नाही, बोलणाऱ्यालाही ते खरं वाटावं असं नसतं, म्हणून ते खोटं बोलणंही नाही. ही हायपरबली. आणि तापलेल्या अंगणावर पाणी शिंपडलं की चर्र होतं, इंग्रजीत त्याला "सिझल" म्हणतात. शब्द उच्चारला की आवाजच ऐकू येतो, त्याला ऑनोमॅटोपिया म्हणतात. आपला कोंबडा कुकूचकू करतो आणि त्यांचा कॉक-अ-डूडल-डू. कोंबडा सारखाच, ऐकणारे कान वेगळे.

परीक्षेत फसवणारी जागा "लाइक" आणि "ॲज". "आय लाइक भरीत" यात उपमा नाही, तिथे "लाइक" म्हणजे आवडणं. "माय अंकल वर्क्स ॲज अ ड्रायव्हर" यातही नाही, काका खरोखर ड्रायव्हर आहेत. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांच्यातला एक समान गुण दाखवला असेल, तरच सिमिली. मराठीच्या बाई ज्याला साधारण धर्म म्हणतात, तो गुण. अंगण आणि तवा यांच्यात तो गुण तापणं.

आणि एक कळकळीची विनंती. मुलांना "ॲज व्हाइट ॲज स्नो" पाठ करायला लावू नका. चोपडा किंवा पारोळ्याच्या मुलाने बर्फ पडताना कुठे पाहिलाय? त्याने पांढरा रंग पाहिलाय तो बोंडं फुटलेल्या कपाशीचा. "ॲज व्हाइट ॲज अ कॉटन फील्ड इन नोव्हेंबर" हे त्याचं स्वतःचं आहे आणि ते वाचताना शिक्षक थांबेल. नंदुरबारच्या मुलाकडे वाळत घातलेल्या मिरचीचा लाल आहे, सारंगखेड्याच्या मुलाकडे यात्रेतल्या घोड्यांची चाल आहे. अलंकार डोळ्यांनी पाहिलेल्यातून आला की त्याला धार असते.

ॲलिटरेशनलाही देवनागरी उपयोगी पडते. तो अक्षरांचा खेळ नाही, आवाजांचा आहे. "कॅट" आणि "सिटी" दोन्ही सी या अक्षराने सुरू होतात, पण देवनागरीत एक क आणि दुसरा स, म्हणून अनुप्रास नाही. "फोन" आणि "फार्मर" यांची इंग्रजी अक्षरं वेगळी, आवाज एकच, म्हणून आहे.

राहिले वाक्प्रचार, इडियम. "माझ्या पोटात कावळे ओरडताहेत" हे शब्दशः इंग्रजीत नेलं तर इंग्रजी बोलणाऱ्याला भूक कळणारच नाही, तो घाबरेल. गंमत म्हणजे त्यांच्याही पोटात पाखरं असतात. "आय हॅव बटरफ्लाइज इन माय स्टमक." पोटात फुलपाखरं. अर्थ मात्र भूक नाही, धाकधूक. भाषण द्यायला उभं राहायच्या आधी जी होते ती. आपले कावळे भुकेचे, त्यांची फुलपाखरं भीतीची. म्हणूनच वाक्प्रचार एका भाषेतून उचलून दुसरीत ठेवता येत नाही. त्याचा जोडीदार शोधावा लागतो. "अ पीस ऑफ केक" म्हणजे डाव्या हातचा मळ. "वन्स इन अ ब्लू मून" म्हणजे सठीसामाशी. "इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स" म्हणजे मुसळधार. कुत्री-मांजरं आभाळातून कशी पडतील असं मुलं विचारतात, तेव्हा मी विचारते, मग मुसळं कशी पडतात?

उताऱ्यात अनोळखी वाक्प्रचार आला तर काय करायचं? आधी शब्दशः वाचा. अर्थ विचित्र लागला तर तीच खूण की इथे इडियम आहे. मग मागचं आणि पुढचं वाक्य वाचा. "द टेस्ट वॉज अ पीस ऑफ केक. आय फिनिश्ड इट इन टेन मिनिट्स." चाचणी खाता येत नाही, आणि दहा मिनिटांत संपली, म्हणजे सोपी होती. अर्थ पुढच्या वाक्यात ठेवलेला असतो, बहुतेक वेळा.

तो रावेरकडचा मुलगा सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी वही घेऊन आला. वडिलांवर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. "माय फादर सेल्स बनानाज. ही वेक्स अप बिफोर द सन. ही टेक्स अ एस.टी. बस टू सावदा. व्हेन द विंड कम्स, द बनाना लीव्हज क्लॅप फॉर हिम." चार ओळी झाल्या होत्या, पाचवी बाकी होती. मी वाचत असताना तो माझ्याकडे बघत होता.

"मॅडम, पानं टाळ्या वाजवतात, ते पर्सनिफिकेशन ना?"

"हो. आणि लीव्हज अनेक आहेत म्हणून क्लॅपला एस लावला नाहीस, ते मला जास्त आवडलं. पण एका ठिकाणी चूक आहे. शोध."

त्याने पेन्सिल घेतली, प्रत्येक ओळीखाली हळूहळू देवनागरीत शब्द लिहीत गेला आणि तिसऱ्या ओळीत "एस.टी." लिहून थांबला. मग मागे जाऊन "अ"चा "ॲन" केला.